साहित्याविषयी विश्लेषक वाक्य लिहायला कसे शिकवावे

सांगली-सातारा भागातल्या कोणत्याही माध्यमिक शाळेत रसग्रहणाच्या उत्तरांचा गठ्ठा तपासायला घेतला, की पहिल्या चार वह्यांत ‘कवीने निसर्गाचे अतिशय सुंदर वर्णन केले आहे’ हे वाक्य हमखास भेटते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात दोष काढता येत नाही आणि मुलाच्या मनात कवितेविषयी आदर आहे हेही त्यातून कळते. परंतु हे वाक्य लिहिण्यासाठी कविता वाचण्याची गरज पडत नाही, आणि निसर्गावरच्या दुसऱ्या कोणत्याही कवितेखाली ते जसेच्या तसे लिहिता येते. नववी ते बारावीच्या मुलांना या वाक्याच्या पुढे कसे न्यावे, याची रीत येथे मांडली आहे. फळा, खडू आणि भरलेला वर्ग एवढ्यावर ती चालते. त्यासाठी वेगळी साधने लागत नाहीत.

सुरुवातीलाच एक आग्रह मांडतो. सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांत मुलांकडून रसग्रहणाचे पूर्ण उत्तर लिहून घेऊ नये. एका वेळी एकच वाक्य लिहून घ्यावे. पूर्ण उत्तर मागितले की मूल पान भरण्याच्या मागे लागते, बाजारातल्या गाइडमधली वाक्ये आठवू लागते आणि आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे कप्पे कसेबसे भरून मोकळे होते. एकच वाक्य मागितले तर त्याला लपायला जागा राहत नाही आणि शिक्षकालाही नेमके कुठे अडले आहे ते दिसते.

विश्लेषक वाक्य म्हणजे काय, हे व्याख्येने सांगण्यापेक्षा दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावे. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता या कामाला फार सोयीची आहे, म्हणून उदाहरणे तिच्यातून घेतो.

‘औदुंबर’ या कवितेत बालकवींनी झाडाचे सुंदर वर्णन केले आहे.

झरा वाहत असताना आणि पायवाट चालत असताना औदुंबर मात्र ‘पाय टाकुनी’ बसलेला आहे, आणि साऱ्या हालचालीच्या शेवटी आलेली ही स्थिरता त्याला चित्रातल्या इतर सर्व गोष्टींपासून वेगळे पाडते.

मुलांना विचारावे, की दुसऱ्या वाक्यात असे काय आहे जे पहिल्यात नाही. थोड्या चर्चेनंतर तीन गोष्टी निघतात. दुसऱ्या वाक्यात कवितेतला एक नेमका तपशील आहे. तो तपशील कवितेत काय काम करतो ते सांगितले आहे. आणि त्या कामामुळे आपल्याला काय कळते किंवा जाणवते, हेही आहे. तपशील, त्याचे काम आणि त्याचा अर्थ ही तिन्ही अंगे एका वाक्यात आली की ते वाक्य विश्लेषक झाले, असे मुलांना सांगायला हरकत नाही. पुढच्या सर्व पायऱ्या या तीन अंगांचीच उस्तवार करतात.

पहिली पायरी: फक्त जे आहे ते लिहिणे

कविता दोनदा मोठ्याने वाचावी आणि मुलांना वहीच्या डाव्या अर्ध्या भागात केवळ नोंदी करायला सांगाव्यात. नियम एकच, की नोंदीत मताचा शब्द येता कामा नये. सुंदर, मनोहर, हृदयस्पर्शी, अप्रतिम हे शब्द या पायरीवर वर्ज्य. नोंद कशाची करायची ते मात्र नेमके सांगावे लागते, कारण ‘निरीक्षण करा’ एवढे म्हटल्याने मुले गोंधळून बसतात. रंग मोजा, क्रियापदांखाली रेघ मारा, पहिला आणि शेवटचा शब्द पाहा, कुठे दिशा सांगितली आहे ते शोधा, अशी कामे रांगांमध्ये वाटून द्यावीत.

‘औदुंबर’मध्ये रंग पाहणाऱ्या रांगेला हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणे, काळा डोह आणि काळिमा असा क्रम सापडतो. क्रियापदे पाहणाऱ्या रांगेला वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी आणि बसला सापडतात. दिशा पाहणाऱ्यांना ऐल तट, पैल तट, पैल टेकडी आणि मग ‘काळ्या डोहाकडे’. शीर्षकातला शब्द कवितेत कुठे येतो ते पाहणाऱ्यांना तो थेट अखेरचा शब्द म्हणून भेटतो. या नोंदी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या, की कविता हिरव्याकडून काळ्याकडे आणि चालण्याकडून बसण्याकडे जाते, हे कोणी न सांगता मुलांना दिसू लागते. हा क्षण शिक्षकाने घाई करून हिरावून घेऊ नये. मुलांच्या तोंडून ते येईपर्यंत थांबावे, तास संपला तरी चालेल.

कवीचे चरित्र या पायरीवर सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. बालकवींचा जन्म १८९० चा, आणि १९१८ मध्ये रेल्वे अपघातात त्यांचा अकाली मृत्यू झाला. हे एकदा सांगितले की अर्धा वर्ग ‘या कवितेत कवीला मृत्यूची चाहूल लागली आहे’ असे लिहू लागतो आणि काळ्या डोहाकडे पाहायचे सोडून देतो. चरित्र नंतर जरूर सांगावे. मात्र वाक्याचा पुरावा कवितेच्या ओळींतूनच यायला हवा.

आपल्या भागात या कवितेसोबत आणखी एक अडचण येते. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबर हे दत्ताचे क्षेत्र आहे आणि संक्रांतीला तिथे भरणाऱ्या साहित्य संमेलनामुळेही ते नाव सर्वांच्या ओळखीचे आहे. त्यामुळे शीर्षक वाचताच बरीच मुले कविता त्या गावाची आणि दत्तगुरूंच्या झाडाची समजतात, आणि ‘या कवितेत भक्तिभाव व्यक्त झाला आहे’ असे वाक्य तयार होते. मुलांचे हे ज्ञान झिडकारू नये. फक्त विचारावे, ‘देव, पूजा, पादुका, घंटा यांपैकी एक तरी शब्द या आठ ओळींत दाखवा.’ तो सापडत नाही, आणि बाहेरून आणलेली माहिती व ओळींतून निघणारा अर्थ यांतला फरक त्या एका प्रश्नाने जितका स्पष्ट होतो, तितका तासभराच्या व्याख्यानाने होत नाही. ज्याला तरीही झाडाचे पावित्र्य महत्त्वाचे वाटते, त्याने ‘औदुंबराला आपल्याकडे पवित्र मानत असले, तरी कवीने त्याच्याभोवती पूजेची एकही खूण ठेवलेली नाही’ असे लिहावे. हेही उत्तम विश्लेषक वाक्य आहे, कारण त्यात कवितेत काय नाही याची नोंद आहे.

दुसरी पायरी: हाच शब्द का?

नोंदीपासून अर्थाकडे जाताना मुले सर्वांत जास्त अडखळतात. त्यांना ‘याचा अर्थ काय’ असे विचारले की ती ओळीचा गद्यार्थ सांगतात. त्याऐवजी शब्द बदलून पाहायला लावावे. ‘पाय टाकुनी’च्या जागी ‘मुळे सोडून’ लिहा आणि काय हरवले ते सांगा. ‘गोड काळिमा’तला ‘गोड’ काढून ‘दाट’ घाला. ‘अडवीतिडवी’ पायवाटेच्या जागी सरळ पायवाट आणा. मूळ शब्द काढल्यावर जे हरवते तेच त्या शब्दाचे काम होते, आणि विद्यार्थ्याला वाक्यात तेच लिहायचे असते. ‘दाट काळिमा’ म्हटल्यावर भीती उरते; ‘गोड’ आल्याने त्याच अंधाराची ओढ वाटू लागते. एवढे एका मुलीने म्हटले, की तिच्या वाक्याचा निम्मा भाग तयार झाला.

तिसरी पायरी: आधी बोलीत, मग लेखी

या पायरीवर शिक्षकाने भाषेची शुद्धता काही काळ बाजूला ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या मुलांना घरच्या बोलीत फार बारीक गोष्टी सहज म्हणता येतात आणि ‘छापील’ मराठीत बोलायला लावले की तीच मुले ‘सुंदर वर्णन’वर परत येतात. वर्गात घडलेला एक संवाद येथे देतो. शेवटच्या दोन ओळी वाचून झाल्यावर एसटीने शाळेला येणारा एक मुलगा म्हणाला, ‘सर, झाड कुठलं, म्हातारं माणूस बसलंय की ओ पाण्यात पाय सोडून.’ वर्ग हसला. त्याला विचारले, ‘माणूस कशावरून?’ तो म्हणाला, ‘पाय टाकून म्हटलंय न्हवं. झाडाला पाय कुठं असत्यात?’ ‘आणि म्हातारे का, तरणे का नाही?’ थोडा विचार करून तो उत्तरला, ‘तरणं असं निवांत बसंल का? बाकी समदं चाललंय, ह्यो एकटाच बसलाय.’

या उत्तरांत तपशील, काम आणि अर्थ तिन्ही आहेत. ती त्याच क्रमाने फळ्यावर लिहून वर्गाच्या मदतीने लेखी मराठीत आणावीत: ‘पाय टाकुनी’ या शब्दांनी कवी झाडाला माणसाचे शरीर देतो, आणि भोवतालचे सारे काही चालत असताना त्याला एकट्याला बसवून, धावपळ संपवलेल्या वृद्धाची निवांतता सुचवतो. विचार मुलाचाच राहिला आणि फक्त त्याची मांडणी बदलली, हे त्याला दिसले पाहिजे. बोलीतून लेखीत आणताना मुलाचा शब्द खोडून आपला शब्द लिहायचा मोह शिक्षकाला होतो. तो आवरावा आणि ‘हे लिहिताना आपण कसे म्हणू?’ असे वर्गालाच विचारावे.

चौथी पायरी: वाक्याचा शेवट

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि विश्लेषक वाक्य शिकवण्यातली सर्वांत मोठी अडचण माझ्या मते इथेच आहे. मूल तपशील लिहिते, अवतरण देते, त्याचा अर्थही सांगते, आणि वाक्याचा भार जिथे पडायचा त्या शेवटच्या जागी पोहोचेपर्यंत दमते. मग ‘असे दिसून येते’, ‘हे स्पष्ट होते’, ‘वर्णन केले आहे’, ‘सांगितले आहे’ यांपैकी एखादी ओळखीची अखेर उचलून वाक्य संपवते. वाक्य बरोबर उभे राहत होते, पण त्याचे निर्णायक क्रियापद निष्क्रिय निघाले. म्हणून वर्गात या अखेरींवर काही काळ बंदी घालावी आणि त्यांच्या जागी काम सांगणारी क्रियापदे वापरायला लावावीत: सुचवतो, ठसवतो, लपवतो, लांबवतो, उलटवतो, नाकारतो, गुंफतो, ताणतो, सौम्य करतो, विरोध उभा करतो, अपेक्षा निर्माण करून मोडतो. ही यादी भिंतीवर लावावी, पण पाठ करायला देऊ नये. पाठ केलेली क्रियापदे मुले कुठेही वापरतात आणि मग प्रत्येक कविता काहीतरी ‘अधोरेखित’ करू लागते.

यासाठी एक सराव उपयोगी पडतो. वाक्याचा आरंभ द्यावा आणि फक्त अखेर बदलून तीन वाक्ये लिहायला सांगावीत. उदाहरणार्थ, ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’ या ओळीत काळिमा पसरवणारा कोण, हे कवी लगेच सांगत नाही, आणि त्यामुळे… इथे थांबावे. कोणी लिहितो, ‘…वाचक अंधारात शोध घेत पुढच्या ओळीकडे ओढला जातो.’ कोणी लिहितो, ‘…अखेरच्या शब्दात येणारा औदुंबर एखाद्या उलगड्यासारखा समोर उभा राहतो.’ तिसरी मुलगी लिहिते, ‘…झाड दिसण्याआधी त्याची सावली दिसते.’ तिन्ही बरोबर आहेत, तिन्ही वेगळी आहेत, आणि तिसरे वाक्य सर्वांत लहान असूनही सर्वांत नेमके आहे, हे वर्गाला आवर्जून दाखवावे. लांब वाक्य म्हणजे चांगले वाक्य, ही समजूत परीक्षेच्या सवयीतून येते आणि ती वेळीच दूर करावी लागते.

अर्थाचा धागा जोडणारे शब्दही याच पायरीवर शिकवावेत. ‘आणि’ने दोन गोष्टी फक्त शेजारी बसतात. ‘त्यामुळे’, ‘असूनही’, ‘जरी… तरी’, ‘ऐवजी’, ‘जसजसे… तसतसे’ यांनी त्यांच्यात नाते तयार होते. ‘पायवाट पांढरी आहे आणि डोह काळा आहे’ ही नोंद झाली; ‘पायवाट पांढरी असूनही ती काळ्या डोहाकडेच चालली आहे’ यात विश्लेषण सुरू झाले.

पाचवी पायरी: अवतरण वाक्यात बसवणे

बहुतेक मुले अख्खी ओळ उतरवतात, खाली रेघ मारतात आणि पुढे नवे वाक्य सुरू करतात, त्यामुळे पुरावा एकीकडे आणि म्हणणे दुसरीकडे राहते. ओळीतले दोन किंवा तीन शब्दच उचलावेत आणि ते आपल्या वाक्यात गुंफावेत. इथे मराठीत विभक्तीची अडचण येते, कारण कवीच्या शब्दाला आपला प्रत्यय जोडला तर अवतरण बिघडते. त्यावर सोपा उपाय आहे: अवतरण जसेच्या तसे ठेवून त्याच्यामागे ‘या शब्दांतून’, ‘या प्रतिमेने’, ‘या विशेषणामुळे’ असे लिहावे, म्हणजे प्रत्यय आपल्या शब्दाला लागतो आणि कवीचा शब्द शाबूत राहतो. ‘गोड काळिमा’ या शब्दांतून, ‘अडवीतिडवी’ या विशेषणामुळे. शिवाय मूल कोणत्या घटकाविषयी बोलते आहे, शब्द की प्रतिमा की विशेषण, हेही त्याला त्या निमित्ताने ठरवावे लागते.

गद्यावर हीच रीत

कथा किंवा कादंबरीच्या उताऱ्यावर मुले स्वभाववर्णन लिहितात आणि ते ‘आई प्रेमळ आहे’ इथे थांबते. गद्यासाठी ओळखीच्या जागेतला छोटा उतारा शिक्षकाने स्वतः लिहावा, असे सुचवतो. त्याची गाइडमध्ये तयार उत्तरे मिळत नाहीत, हा मोठा फायदा. सरावासाठी मी वर्गाला देतो तो उतारा असा:

कराडच्या स्टँडवर गाडी सुटायच्या आधी आईने भाकरीचे गाठोडे पिशवीतून दोनदा काढले आणि दोनदा परत ठेवले. मग पिशवी खिडकीतून आत दिली. ‘पोचलास की फोन कर,’ ती म्हणाली. त्याने काच ओढून घेतली. तिने पदराने काच पुसली. धूळ आतल्या बाजूला होती.

‘या उताऱ्यातून आईचे प्रेम दिसते’ असे पहिल्या फेरीत सगळेच लिहितात. मग विचारावे, की प्रेम तर गाठोड्यातही दिसते, फोनच्या वाक्यातही दिसते. काच पुसण्याने वेगळे काय केले? मुले शेवटच्या वाक्याकडे वळतात, आणि थोड्या प्रयत्नांनी अशा वाक्यापाशी येतात: धूळ आतल्या बाजूला असताना आई काच बाहेरून पुसत राहते, या कृतीतून मुलासाठी काही करण्याची तिची धडपड आणि ते करणे आता तिच्या हाती उरले नसल्याची जाणीव लेखक एकत्र गुंफतो. कवितेवर जे शिकले तेच इथे चालते. फक्त गद्यात शब्दांच्या निवडीपेक्षा कृती, संवाद आणि न बोललेल्या गोष्टी यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला शिकवावे लागते.

मतभेदाला जागा

विश्लेषक वाक्याशी कोणी असहमत होऊ शकला पाहिजे. ‘कवितेत आठ ओळी आहेत’ याच्याशी कोणी भांडत नाही, कारण ती नोंद आहे. ‘औदुंबर हा निवांत वृद्ध आहे’ याच्याशी मात्र भांडता येते: कोणी म्हणेल तो ध्यानस्थ ऋषी आहे, कोणी म्हणेल तो उदास आहे आणि सारी वाट अखेर त्याच्या अंधारातच येऊन संपते. दोन मुलांना एकाच ओळीवरून दोन अर्थ मांडायला लावावेत आणि निकाल देण्याऐवजी कोणाचा पुरावा जास्त ओळींत सापडतो ते वर्गाला मोजायला सांगावे. मात्र ‘प्रत्येकाचे मत बरोबरच असते’ असे म्हणून चर्चा मिटवू नये. ओळींचा आधार नसलेले वाचन दुबळे असते, आणि ते दुबळे आहे हे मुलांना सौम्यपणे पण स्पष्ट सांगणे शिक्षकाचे काम आहे.

तपासणी

एवढ्या वह्यांतले प्रत्येक वाक्य दुरुस्त करणे शक्य नसते आणि त्याची गरजही नसते. तपासताना वाक्याच्या अंगांखाली फक्त खुणा कराव्यात: तपशिलाखाली सरळ रेघ, काम सांगणाऱ्या क्रियापदाभोवती गोल, अर्थाखाली नागमोडी रेघ. ज्या अंगाची खूण नाही तेच राहिले आहे, हे मुलाला शेरा न वाचता कळते. शुद्धलेखनाच्या चुका या फेरीत सोडून द्याव्यात; दोन्ही एकदम सुधारायला गेले की मूल फक्त वेलांट्या सुधारते. नाव न घेता वर्गातलीच तीन-चार वाक्ये दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्यावीत आणि ती सर्वांनी मिळून सुधारावीत. मुलांनी एकमेकांच्या वाक्यांवर ‘हे दुसऱ्या कवितेलाही चालेल का?’ हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, की शिक्षकाचा बराचसा भार हलका होतो.

ही सवय बसल्यावर, साधारण दिवाळीच्या सुट्टीनंतर, परीक्षेच्या उत्तराकडे वळावे. रसग्रहणाच्या उत्तरात प्रत्येक मुद्द्यासाठी निदान एक विश्लेषक वाक्य मागावे आणि कवीचे नाव, कवितेचा विषय अशी ओळख करून देणारी साधी वाक्ये त्यांच्याभोवती राहू द्यावीत. सगळीच वाक्ये विश्लेषक करायला लावली तर उत्तर गुदमरते. कमकुवत मुलाने संपूर्ण उत्तरात असे एक वाक्य स्वतःच्या बळावर लिहिले, तरी त्या वाक्यासमोर समासात एक खूण करून ठेवावी आणि पुढच्या तासाला ते त्यालाच वर्गात वाचायला सांगावे.